रिपोर्ट चांगला आला, तरी भीती का जात नाही?

प्रश्न: वय ५४, सिंहगड रोडला राहते. डाव्या स्तनाचा कॅन्सर होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन होऊन सव्वा वर्ष झालं. लेट्रोझोलची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात, सगळं छान आहे. पण सकाळी बोटं आखडली, पाठ दुखली की वाटतं हाडात गेलं. दिवसातून कितीतरी वेळा हात लावून बघते. आमच्या सोसायटीतल्या एक बाई दिवाळीत याच आजाराने गेल्या, तेव्हापासून रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. मिस्टर म्हणतात, एकदा पूर्ण शरीराचा पेट स्कॅन करून टाकू, म्हणजे मन शांत होईल. सासूबाई म्हणतात, इतकं टेन्शन घेतलंस तर परत बोलावून आणशील. मी काय करू?

ताई, पुण्यात कॅन्सरच्या रुग्णांबरोबर समुपदेशनाचं काम करताना मला जे समजलं आहे, त्याच्या आधारे सविस्तर लिहिते. सुरुवात सासूबाईंच्या वाक्यापासून करते, कारण तुमच्या डोक्यावरचं सगळ्यात अनावश्यक ओझं ते आहे. काळजी केल्याने कॅन्सर परत येत नाही. ब्रिटनमध्ये स्तनाचा कॅन्सर झालेल्या स्त्रियांची अनेक वर्षं पाहणी करून २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात मृत्यू, घटस्फोट, मोठं आजारपण असे जबर धक्के बसलेल्या स्त्रियांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण जास्त आढळलं नाही. सासूबाई प्रेमापोटीच बोलतात, पण त्या वाक्यामुळे तुम्हाला आता कॅन्सरची भीती आहेच, शिवाय त्या भीतीचीही भीती आहे. ही दुसरी आजपासून सोडून द्या.

पहिली भीती मात्र खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ‘आता काही होत नाही गं’ हे वाक्य तुम्ही घरी पुष्कळदा ऐकलं असेल, आणि दर वेळी मनात आलं असेल की यांना काय माहीत? तुमची शंका बरोबर आहे. लेट्रोझोल चालू आहे याचा अर्थ तुमची गाठ हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी होती. या प्रकारात धोका हळूहळू कमी होत जातो, पण पाच वर्षांनी शून्य होत नाही, पुढेही थोडाथोडा राहतो. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनवर न वाढणाऱ्या एका वेगळ्या प्रकारात बहुतेक धोका पहिल्या काही वर्षांत असतो आणि नंतर झपाट्याने उतरतो. सोसायटीतल्या बाईंची गाठ कुठल्या प्रकारची होती, कुठल्या टप्प्यावर सापडली, हे तुम्हाला ठाऊक नसणार. त्यांच्या जाण्याचं दुःख करा, ते करायलाच हवं. पण त्यांच्या फाईलवरून स्वतःचं भविष्य वाचू नका.

म्हणजे शंभर टक्के खात्री तुम्हाला कोणीही देऊ शकत नाही. आणि माझ्या मते तुमचा सगळा त्रास त्या खात्रीच्या मागे धावण्यातून होतो आहे. हात लावून बघणं, मिस्टरांना ‘काही नसेल ना?’ विचारणं, रात्री मोबाईलवर शोधणं, पेट स्कॅन, ही सगळी खात्री मिळवायची धडपड आहे. त्यातून थोडा दिलासा मिळतोही. तो तासभर टिकतो, कधी दिवसभर. मग मन म्हणतं, पण तेव्हापासून काही झालं असेल तर? आणि पुन्हा तपासावं लागतं. खाजवल्याने खाज वाढावी तसं होतं हे. प्रत्येक तपासणीनंतर पुढच्या तपासणीची गरज थोडी लवकर भासू लागते.

तुम्ही एकट्या नाही, हेही सांगायला हवं. २०२२ मध्ये १३ देशांतल्या ९ हजारांहून अधिक कॅन्सर रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात निम्म्याहून अधिक लोकांना ही भीती लक्षणीय प्रमाणात होती आणि साधारण पाचातल्या एकाला इतकी तीव्र होती की मदत लागावी. भीती किती आहे यावरून आजार किती गंभीर होता हे कळत नाही. पहिल्या स्टेजला सापडलेली माणसं रात्र-रात्र जागतात आणि तिसऱ्या स्टेजची शांत झोपतात, हे मी कायम पाहते. ट्रीटमेंट संपल्यावर ही भीती अचानक का वाढते, हा प्रश्नही बऱ्याच जणी विचारतात. केमो चालू असताना दर तीन आठवड्यांनी कोणीतरी तुम्हाला तपासत होतं, रक्त बघत होतं, शत्रूवर रोज काहीतरी मारा होत होता. मग एक दिवस सांगतात, ‘आता तीन महिन्यांनी या.’ घरचे पेढे आणतात आणि तुम्हाला उघड्यावर सोडल्यासारखं वाटतं.

आता बोटं आणि पाठ. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या घेणाऱ्या खूप स्त्रियांना सांधे दुखण्याचा त्रास होतो. गोळीमुळे शरीरातलं इस्ट्रोजेन अगदी कमी होतं आणि सांध्यांना ते जाणवतं. या दुखण्याची एक ठरावीक पद्धत असते. सकाळी उठल्यावर हातांची बोटं, गुडघे, घोटे आखडलेले असतात, बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच, आणि चालायला-फिरायला लागलं, गरम पाण्यात हात घातले की अर्ध्या-एक तासात मोकळे होतात. काही दिवस बरं, काही दिवस वाईट, असं चालतं. हाडात गेलेल्या आजाराचं दुखणं बहुतेक वेळा वेगळं असतं. ते एकाच जागी ठाण मांडून बसतं, आठवड्यागणिक वाढतं, रात्री आणि पडून राहिल्यावरही थांबत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं पहिल्या प्रकारचं वाटतं, पण ते तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, नीट सांगून घ्या. ‘सांधे दुखतात’ एवढंच म्हणू नका. कधी दुखतात, किती वेळ, कशाने बरं वाटतं ते सांगा. औषधाचा त्रास म्हणून त्यावर उपाय असतात, गरज पडल्यास त्याच गटातली दुसरी गोळी देऊन पाहतात. व्यायामाने हे दुखणं कमी होतं, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं आहे. कृपा करून न विचारता गोळी बंद करू नका. दुखणं सहन होत नाही म्हणून परस्पर गोळी सोडणाऱ्या बायका मी पाहते आणि जीव तुटतो. आजार परत येऊ नये म्हणून तुमच्या हातात रोज जे आहे, त्यातलं सगळ्यात मोठं ती गोळी आहे.

ऑपरेशनच्या जागेचंही तसंच. टाक्यांच्या आसपास चमका येणं, मुंग्या, काखेत ओढल्यासारखं होणं, रेडिएशन दिलेली जागा कडक लागणं, हे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहतं. कापलेल्या नसा भरून येताना असं होतं. काही जणींना जखमेखाली चरबीची कडक गाठही लागते, जी कॅन्सरची नसते. यात हात सारखा लावत राहिलात, दाबत राहिलात, तर ती जागा दुखरी होते आणि मग दुखतं म्हणून अजून भीती वाटते. म्हणून नियम करा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, आंघोळीच्या वेळी डॉक्टरांनी शिकवलं तसं बघायचं. बाकी दिवस हात गेला की परत घ्यायचा. पहिले दोन आठवडे फार अस्वस्थ व्हाल. आधी रोजचं बघणं निम्म्यावर आणा, मग दिवसातून एकदा, मग आठवड्यातून एकदा, अशा पायऱ्यांनी उतरलात तरी चालेल.

मग खरंच काही असलं तर कळणार कसं? यासाठी कागदावर लिहून फ्रिजवर लावावी अशी एक गोष्ट सांगते. नवीन असलेलं आणि दोन आठवडे टिकलेलं किंवा वाढत चाललेलं कुठलंही लक्षण डॉक्टरांना दाखवायचं, पुढच्या फॉलोअपची वाट बघायची नाही. छातीवर, काखेत किंवा मानेत नवी गाठ, एका जागचं न थांबणारं हाडाचं दुखणं, न जाणारा खोकला, कारण नसताना उतरणारं वजन, रोज सकाळी उठणारी डोकेदुखी, यात मोडतात. धाप लागणं, फिट येणं, पायातली शक्ती जाणं, डोळे पिवळे होणं यासाठी दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. या यादीत न बसणारं जे काही असेल त्याची तारीख वहीत लिहायची आणि वही मिटायची. चौदा दिवसांनी उघडून बघा. बहुतेक नोंदी वाचून ‘हे कधी झालं होतं?’ असंच वाटेल. हळूहळू तुमचा स्वतःच्या शरीरावरचा विश्वास याच वहीतून परत येतो.

पेट स्कॅनबद्दल मी स्पष्ट बोलते, कारण मिस्टरांना ते काळजीचं सर्वात मोठं रूप वाटतं आहे. त्रास काही नसताना वरचेवर स्कॅन केल्याने आयुष्य वाढतं का, हे इटलीत दोन मोठ्या चाचण्यांमध्ये तपासलं गेलं, १९९४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाची फक्त तपासणी आणि मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) होत होती, दुसऱ्या गटाचे त्याशिवाय नियमित हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रेही होत होते. जगण्यात फरक पडला नाही. त्या चाचण्यांत पेट स्कॅन नव्हते, पण अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही लक्षणं नसताना पेट, हाडांचे स्कॅन किंवा रक्तातले मार्कर (कॅन्सरचा माग काढणाऱ्या रक्ततपासण्या) करू नयेत असंच म्हटलं आहे. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी, मग अंतर वाढवत नेऊन पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा, आणि दरवर्षी मॅमोग्राफी, एवढं पुरतं. तुमचे डॉक्टर जास्त तपासण्या सांगत नाहीत म्हणजे दुर्लक्ष करतात असं नाही.

शिवाय आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पेट स्कॅनमध्ये कॅन्सर जसा चमकतो तशी सूजही चमकते, जुन्या टीबीच्या गाठीही चमकतात. आपल्या देशात अशा गाठी काही कमी नाहीत. मग बायोप्सी (तुकडा काढून तपासणी), मग वाट बघणं, आणि शेवटी ‘काही नाही’. ते तीन आठवडे घर कसं जगतं ते मी जवळून बघते. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबच्या पॅकेजमध्ये सीईए, सीए १५-३ हे मार्कर असतात, त्यांचंही तेच. सिगारेटने, यकृताच्या साध्या आजारानेही ते थोडे वाढतात. मनःशांतीसाठी केलेली ही तपासणी बऱ्याचदा उरलीसुरली शांतीही घेऊन जाते. मिस्टरांना सांगा, डॉक्टरांनी लक्षणावरून मागितला तर त्याच दिवशी करू, मनासाठी नाही करायचा.

मॅमोग्राफीच्या आधीचे आठ-दहा दिवस वाईट जाणारच. ते टाळता येत नाहीत, पण सोपे करता येतात. अपॉइंटमेंट सकाळची घ्या. रिपोर्ट कधी मिळणार आणि डॉक्टर कधी बघणार, हे आधीच विचारा आणि जमल्यास दोन्ही एकाच दिवशी ठेवा. मोबाईलवर आलेला रिपोर्ट रात्री एकटीने उघडू नका. त्यातली भाषा डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेली असते. ‘पोस्ट ऑपरेटिव्ह चेंजेस’ म्हणजे ऑपरेशनच्या खुणा, ‘क्लिनिकल कोरिलेशन’, म्हणजे डॉक्टरांनी रुग्णाला तपासून ताडून पाहावं, हे शब्द तर जवळजवळ प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी असतात. बायरॅड्स हा मॅमोग्राफीच्या निष्कर्षाला दिलेला क्रमांक असतो. बायरॅड्स २ म्हणजे निर्धोक. बायरॅड्स ३ वाचून बायका रडत येतात. त्याचा अर्थ कॅन्सर असण्याची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, म्हणून सहा महिन्यांनी परत बघू. त्या आठवड्यात घरातला पसारा आवरायचं मोठं काम काढू नका आणि दिवसभर नुसत्या बसूनही राहू नका.

रात्रीच्या दोन-अडीचचं काय? गोळीमुळे अंगातून गरम वाफा येऊन झोप मोडते, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. जाग शरीराने आणलेली असते, रिकाम्या अंधारात विचार मागाहून शिरतो. अंथरुणात पडून त्याच्याशी वाद घालू नका. उठा, पाणी प्या, मंद दिव्यात काहीतरी साधं करा, डोळे जड झाले की परत या. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि विचारांना दिवसा एक जागा द्या. संध्याकाळी साडेपाच ते सहा, हातात वही, ‘परत आलं तर’ याचा जितका विचार करायचा तितका करायचा. इतर वेळी तो आला की ‘साडेपाचला’ एवढंच म्हणायचं. दडपायचा नाही, फक्त पुढे ढकलायचा. साडेपाचला बसल्यावर कित्येकदा लिहायला काहीच सुचत नाही.

याच्या जोडीला लक्ष वळवण्याचा एक सराव शिकवते. ऑस्ट्रेलियात या भीतीसाठी केलेल्या उपचारपद्धतीत तो होता. तिची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि नुसत्या रिलॅक्सेशनपेक्षा तिचा परिणाम जास्त दिसला. दहा-बारा मिनिटं बसायचं, डोळे उघडे, समोर एका जागी नजर. आजूबाजूचे पाच-सहा आवाज हेरायचे: पंखा, शेजारचा कुकर, खालचा भाजीवाला, दूरची रिक्षा, कोकीळ. आधी एकेका आवाजावर काही वेळ पूर्ण लक्ष ठेवायचं. मग पटापट एकावरून दुसऱ्यावर जायचं. शेवटची दोन मिनिटं सगळे एकदम ऐकायचे. मधे छातीत चमक आली तर तीही त्यातलाच एक आवाज समजायची आणि पुढे जायचं. मन शांत करणं हा याचा हेतू नाही. आपलं लक्ष कुठे असावं हे आपण ठरवू शकतो, हा स्नायू यातून तयार होतो. म्हणून भीती नसताना, रोज, ठरलेल्या वेळी करायचं. घाबरल्यावर करून बघितलं आणि उपयोग झाला नाही, असं सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा एरवी सराव केलेला नसतो.

एकदा साडेपाचच्या वहीत हेही लिहा: परत येण्यातलं नेमकं कशाचं भय आहे? मरणाचं? केमोचं? पैशांचं? मुलांचं कसं होईल याचं? उत्तर प्रत्येकीचं वेगळं असतं आणि त्यावर काम करता येतं. पैशांचं असेल तर विम्यात काय बसतं ते बघा, आणि सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपण बसतो का, ५ लाखांपर्यंतचं काय-काय मिळतं, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनीसाकडून) एकदा समजून घ्या. मृत्युपत्र करायचं मनात असेल तर करून टाका, त्यात अभद्र काही नाही. मी तर म्हणेन ज्यांनी केलं त्यांना हलकं वाटलं. आणि ‘परत आलं म्हणजे संपलं’ हेही सरसकट खरं नाही. त्याच जागी परतलेल्या आजारावर पुन्हा बरं करण्याच्या हेतूने उपचार होतात. दुसऱ्या अवयवात गेला तर तो सहसा पूर्ण जात नाही, पण तुमच्या प्रकारात गोळ्यांवर अनेक जणी वर्षानुवर्षं घर, नोकरी सांभाळतात. पॅल्बोसिक्लिबसारखं औषध पूर्वी हाताबाहेर महाग होतं, २०२३ मध्ये पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांनी ते स्वस्तात आणलं.

मिस्टरांसाठी दोन ओळी. जवळच्या माणसाची भीती कित्येकदा रुग्णापेक्षा जास्त असते, फक्त ती ‘चेहरा का उतरलाय?’ किंवा ‘स्कॅन करून टाकू’ अशा रूपात बाहेर येते. ताईंनी ‘काही नसेल ना?’ विचारलं तर एकदा उत्तर द्या. त्याच संध्याकाळी परत विचारलं तर उत्तर देऊ नका, ‘भीती वाटतेय ना? बस जरा माझ्याजवळ’ म्हणा. आणि रोज सकाळी दोघं मिळून चालायला जा. तळजाईची टेकडी तुम्हाला जवळ आहे, चढ झेपत नसेल तर सोसायटीत चाला. आठवड्याला १५० मिनिटं जोरात चालणं हे लक्ष्य ठेवा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनंतर तीन वर्षं नियमित व्यायाम करून घेतला, तर आजार परतण्याचं प्रमाण घटतं आणि आयुष्य वाढतं, हे २०२५ मध्ये मोठ्या चाचणीतून सिद्ध झालं आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी तशी पक्की चाचणी नसली, तरी सांधे, झोप, मन या तिन्हींसाठी फायदा नक्की आहे. हळद, गोमूत्र, साखर पूर्ण बंद, असले व्हॉट्सअ‍ॅपवरचे उपाय सोडा.

दोन महिने हे मनापासून करूनही झोप येत नसेल, फॉलोअपला जायचंच टाळावंसं वाटत असेल, किंवा उलट दर आठवड्याला डॉक्टर गाठावेसे वाटत असतील, कशातच रस उरला नसेल, तर कॅन्सरच्या रुग्णांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. तुमच्या ऑन्कोलॉजिस्टनाच विचारा, मोठ्या हॉस्पिटलांत असे लोक असतात. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (रुग्णाचा त्रास हलका करणारी काळजी) सेंटर १९९७ पासून आहे. ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतं हा गैरसमज आहे. मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची अर्धी गोळी नको, तिची सवय लागते. मानसोपचारतज्ज्ञांना तुमची कॅन्सरची गोळी नाव घेऊन सांगा. तुमच्या लेट्रोझोलला अडचण येत नाही, पण हे वाचणाऱ्या ज्या जणी टॅमॉक्सिफेन ही दुसरी हार्मोनविरोधी गोळी घेतात त्यांनी विशेष जपावं, कारण पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या औषधांमुळे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो आणि पर्यायी औषधं उपलब्ध आहेत. जगणं नकोसं वाटू लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.